औशात बसायचं कुठं?

औशाचं खरं सुख सकाळी सात वाजता चहाच्या हॉटेलात मिळतं, असं माझ्या मामांचं ठाम मत आहे. माझं म्हणणं, ते सुख अर्ध्याच गावाला मिळतं. मामा एस.टी.त कंडक्टर होते. औसा, निलंगा, उमरगा, तुळजापूर, सोलापूर या वाटेवरच्या कँटीनांच्या चवी त्यांना पाठ आहेत. मी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एकटी कॉफी प्यायला जाते. या वेळी वेळ अमावस्येला, म्हणजे रानात जेवायच्या सणाला, औशाला गेले, तेव्हा आमचा हा वाद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुरू झाला आणि परतीच्या गाडीपर्यंत चालला. मामी मधूनच बोलत होत्या, पण वाद दर वेळी वळला तो त्यांच्याच बोलण्यानं. आठवतं तसं लिहिते.

मामा: तू पुण्यात एका कॉफीला किती पैसे देतीस, ते सांग आधी.

मी: दीडशे. कधी दोनशे.

मामा: दोनशे रुपयांत माझा पंधरा-वीस दिवसांचा चहा होतो इथं. आन् नुसता चहा नाही बाई. सकाळी जाऊन बसलं की पेपर येतो. एकच पेपर, पर त्याची पानं सुटी करून चार टेबलांवर फिरतात. मला खेळाचं पान शेवटी मिळतं, चालतंय की. तवर लातूरच्या आडतीत सोयाबीन काय भावानं गेलं, कुणाच्या पोराला नीटमध्ये किती मार्क पडले, कुणाला दवाखान्यात ठेवलंय, सगळं कळतं. एखाद्या दिवशी मी गेलो नाही तर दुपारी माणूस घरी येतो, बरं हाय का म्हणून. तुझ्या कॉफीच्या दुकानात तू आठ दिवस नाही गेलीस तर कोण येतो?

मी: कोणी नाही येत. तेच मला आवडतं.

मामा: एकटेपण आवडतं?

मी: एकटेपण आवडतं असं नाही मामा. पण तिथं मी कुणाची मुलगी, कुठल्या गावची, लग्न झालं का, हे कुणी विचारत नाही. कॉफी समोर येते, मी पुस्तक उघडते, दीड तास बसते. काचेबाहेर रस्ता असतो, माणसं येत-जात असतात. मी काही करत नसते. आठवडाभर ऑफिसात आणि घरात मी सारखी कुणासाठी तरी काहीतरी करत असते. त्या दीड तासात कुणाचं काही देणं नसतं.

मामा: मंग हेच तर मी म्हणूलालो. मीबी तिथं काही करत नसतो. नुसता बसतो.

मी: हो. तुमचं सुख आणि माझं सुख एकच आहे. पण तुमचं तुम्हाला औशात मिळतं. मला माझं घ्यायला पुण्याला जावं लागतं.

मामा: कोण अडवतंय तुला इथं?

त्यांचा हा प्रश्न मनापासूनचा होता. अडवताना त्यांनी कधी कुणाला पाहिलेलं नाही, कारण अडवणं तसं होतच नाही. मग मी त्यांना आदल्या दिवसाची गोष्ट सांगितली. गाडीतून उतरले, थंडी होती, समोरच एक हॉटेल होतं. कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण कुठल्याही हॉटेलात हेच घडलं असतं. मी पुढच्या बाकड्यापाशी गेले आणि एक चहा म्हणाले. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, ‘पार्सल का, ताई?’ मी म्हणाले, नाही, इथंच. तो म्हणाला, ‘मग आत बसा, फॅमिली रूम हाय.’

मामा: त्यानं मानानंच सांगितलं की.

मी: मानानंच सांगितलं. म्हणून तर मला भांडताही आलं नाही. तुम्ही कधी त्या फॅमिली रूममध्ये बसला आहात?

मामा: मी कशाला बसू तिथं?

मी: तेच सांगते. प्लायवूडची तीन पार्टिशनं. पुढं हिरवा पडदा, त्याच्या खालच्या कडेला हात पुसलेले. आत शिरल्यावर पोऱ्या बटण दाबतो, तेव्हा ट्यूब लागते. म्हणजे माझ्याआधी तिथं किती वेळ कुणी बसलेलंच नव्हतं. रिकाम्या क्रेट एका कोपऱ्यात. भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर. चहा चांगला होता, आलं ठेचून घातलेला, दुधाळ. पण तुम्ही मघाशी सांगितलंत त्यातलं काहीच नव्हतं. ना पेपर, ना सोयाबीनचा भाव, ना रस्ता. बाहेर हसण्याचा आवाज येत होता. मी पाच मिनिटांत चहा संपवला आणि निघाले.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे काढलं ते त्यांच्या परीनं वजनदार होतं, आणि मला ते मान्यच आहे.

मामा: तुला हॉटेलाची किंमत कळली नाही अजून. हे बघ, गावात माणूस सगळीकडं जातीनं बसायचा. पंगतीत, देवळात, पाणवठ्यावर. हॉटेल ही पहिली जागा, जिथं पैसे टाकले की शेजारी कोण बसलाय ते बघायचं नाही. हिंदू, मुसलमान, सगळे एका बाकड्यावर. औशात अजून तसंच हाय. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी बघ बाजारात कसं असतं ते.

मी: ही जागा पहिल्यापासून तशी होती?

मामा: नव्हती. खोटं कशाला बोलू? आमचे वडील सांगायचे. निजामाच्या राज्यात आन् नंतरबी काही वर्षं, काही जणांच्या कपबशा बाहेर खिळ्याला अडकवलेल्या असायच्या. चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की आपली आपण धुऊन परत अडकवायची.

मी: मग त्या खिळ्यावरून कपबशी खाली कशी आली? आपोआप?

मामा: आपोआप कशी येईल? लोक भांडले. कायदा आला.

मी: कायदा 1955 चा, अस्पृश्यता अपराध अधिनियम. पण त्याच्याही आधी राज्यघटनेत पंधराव्या कलमात लिहिलंय की दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं जायला कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून आडकाठी करता येणार नाही. त्या यादीत जातीच्या पुढचाच शब्द लिंग आहे मामा. जातीची कपबशी खाली आली, निदान दिसायला तरी. बाईसाठी पडदा लावला आणि त्याला मान म्हटलं.

मामा: पडदा आन् ती कपबशी एक नाही पोरी.

मी: एक नाहीच. त्या माणसांनी जे सोसलं त्याच्याशी माझ्या पाच मिनिटांच्या चहाची बरोबरी मी करणार नाही. एवढंच म्हणते की हॉटेलाचं बाकडं एकदा रुंद झालेलं आहे. पुन्हा होऊ शकतं.

मामांनी मग किल्लारीची आठवण काढली. औशातला कुठलाही माणूस हॉटेलाबद्दल, शेजाराबद्दल, माणुसकीबद्दल बोलायला लागला की किल्लारीपाशी येऊन थांबतो. किल्लारी याच तालुक्यातलं.

मामा: 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हालली. उजाडल्यावर कळलं की किल्लारी, सास्तूर, ती सगळी गावं गेली. दगडमातीची घरं, धाब्याची, माणसांवर बसली. दहा हजारांच्या घरात माणूस गेला. आमच्या गाड्या तिकडं वळवल्या. आन् औशात काय झालं? कुणी घरात जायला तयार नाही. हॉटेलवाल्यानं स्टो बाहेर रस्त्यावर आणला, पातेलं चढवलं. दिवसभर चहा. पैसे कुणी मागितले नाहीत, कुणी मोजले नाहीत. ही हॉटेलाची इज्जत हाय.

मामी: आन् भाकऱ्या कुणी थापल्या?

मामी परातीत पीठ मळत होत्या. वर न बघताच त्या बोलल्या.

मामी: चहाचं बरं आठवतंय तुमाला. गल्लीतल्या सगळ्या जणींनी चुली बाहेर मांडल्या होत्या. घरात जायचं भ्याव, मंग काय करावं? ज्याच्या घरात जेवढी ज्वारी, तेवढी दळून आणली. एक जण मळायली, एक थापायली, एक भाजायली. टोपल्याच्या टोपल्या भरून टेम्पोत जायच्या. रात्री बारा-एकपर्यंत रस्त्यावर बसून होतो आम्ही. मी नवीन नवरी. सासऱ्यासमोर पदर खाली न येऊ देणारी. आन् भर रस्त्यावर मांडी घालून बसलेली. कुणी म्हणलं नाही, आत जा म्हणून.

मी: पुन्हा तसं बसलात कधी?

मामी: कशाला बसू? पुन्हा चुली आत गेल्या.

याच्या पुढं आमच्या तिघांचं बोलणं बदललं. तोपर्यंत तो पुणे आणि औसा असा वाद होता, कॉफी आणि चहा असा. मामींच्या त्या दोन वाक्यांनी कळलं की वाद रस्ता आणि स्वयंपाकघर यांच्यातला आहे. आणि स्वयंपाकघराची बाजू मांडायला मामाच पुढं आले.

मामा: हॉटेलाचं सोड. घरच्या जेवणाला तुझ्या पुण्यात तोड हाय का? सकाळी तू खाल्लास तो सुशीला, मिळतो तिकडं?

तो मिळत नाही, हे मला कबूल करावं लागलं. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता, पण पोह्यांची सवय असलेल्या हातानं तो बिघडतो. मुरमुरे पाण्यात टाकले की लगेच काढावे लागतात. मामी दोन्ही हातांनी ते खाली दाबतात, उलटे करतात, की लगेच मुठीत घेऊन पिळतात. बोलत बसलं तर लगदा झालाच. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. हळद पडली की मुरमुरे, त्यावर डाळव्याचं आणि शेंगदाण्याचं कूट. हे कूट मुरमुऱ्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि दाणा न् दाणा सुटा होतो. झाकण ठेवायचं नाही. वरून कोथिंबीर. कोथिंबीर इथली, म्हणून ती नुसती सजावट राहत नाही. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेलाही. ज्या मातीत या तीन गोष्टी पिकतात तिथल्या आमटीला चव कुठून येते, हे वेगळं सांगायला नको.

मी: नाही मिळत. मी तिकडं स्वतः करते. रविवारी सकाळी.

मामा: मंग?

मी: मला करायला आवडतं मामा, कारण नाही केला तरी चालतो. कुणी ताटावर बसून वाट बघत नाही. मामींचा सुशीला माझ्यापेक्षा दसपट चांगला आहे, पण त्यांना तो नाही केला तर चालतं का?

मामा: तिला आवडतं करायला. विचार तिलाच.

मामी: आवडतं की. खोटं नाही सांगत. आषाढात धपाटे करायला आवडतं. उन्हाळ्यात काळं तिखट करायचं म्हणलं तर मला आठ दिवस आधीपासून उत्साह. धने, दगडफूल, खोबरं, एकेक भाजून ठेवायचं, गल्लीतल्या चार जणी मिळून कांडपावर जायचं. तिथं ठसका लागून लागून हसू येतं. ते मला कुणी बंद कर म्हणलं तर मी ऐकणार नाही. पर रोजचं येगळं. रोज सकाळी कुणी विचारत नाही की आज करायचं मन हाय का.

मी: सरकारनं 2019 मध्ये देशभर वेळेची पाहणी केली होती. कोण दिवसभरात कशाला किती वेळ देतं, याची. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटं घरकामात घालवत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस.

मामी: 299 म्हंजे किती?

मी: पाच तास.

मामी: कमी सांगितलेत.

मामा: हे बघ, मी हॉटेलात चहा पितो म्हंजे हिचा एक चहा वाचवतोच की.

मामी: सकाळचा वाचवता. दुपारी हॉटेलातलेच चार पाव्हणे घेऊन येता, तवा? मला तुमच्या हॉटेलाचं काही नाही. मला तिथं बसायची हौसबी नाही, ही पोरगी काहीबी म्हणो. मला एवढंच वाटतं की एकदा कुणीतरी चहा करून माझ्या हातात द्यावा. आयता. मी उठायचं नाही, भांडं धुवायचं नाही. तो हॉटेलातला असो का घरातला.

मला हे ऐकून थांबावं लागलं. मी आख्खा वाद जागेचा मांडत होते. मामींना आधी आयता चहा हवा होता, जागा नंतर. पुण्यात माझ्यासमोर येणाऱ्या त्या दोनशे रुपयांच्या कॉफीतही मी पैसे बहुधा त्याचेच देते. कुणीतरी ती करून आणतं आणि कप उचलून नेतं. मामा हॉटेलात रोज दहा रुपयांना जे घेतात, त्यातही तेच आहे.

मामा मात्र वेळ अमावस्येवर आले. त्यांना वाटलं, इथं आपण जिंकणार.

मामा: उद्याच बघ. उद्या बाया घरात असतील का? सगळं गाव रानात. लातूर जिल्ह्यात कलेक्टर त्या दिवशी सुट्टी देतो. बाजारात माणूस दिसत नाही. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आन् मंग सगळे एका पंगतीत. बाया, बाप्ये, पोरं, सालगडी, वाटेनं जाणारा अनोळखी माणूस. ज्याला रान नाही त्यालाबी बोलावणं असतं. असा दिवस पुण्यात दाखव.

मी: नाही दाखवता येणार. त्यासाठी तर आलेय.

मामी: हां, चांगला दिवस हाय. मला सगळ्या सणांत तोच आवडतो. पर पहाटे तीनला उठावं लागतं, तेबी लिही. आंबील आदल्या दिवशी लावायची, ज्वारीचं पीठ आन् ताक. भज्जीला तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा सोलायच्या, पालेभाज्या निवडायच्या, बेसन, चिंच. बाजरीचे उंडे. खीर. गव्हाच्या पोळ्या. रानात जाऊन बसलं की सुख वाटतं, खरंय. थंडगार आंबील पिली की अंगातला शीण जातो. पर तोवर अंगात शीण असतोच की.

भज्जी खाल्ल्याशिवाय तिची थोरवी कळत नाही. हिवाळ्यात शिवारात जे जे हिरवं असतं ते सगळं त्या एका पातेल्यात येतं, आणि आंबट-तिखट रसात प्रत्येक दाणा आपली चव राखून असतो. मला ती या मुलखातली सर्वांत सुंदर भाजी वाटते. मामींचं पहाटे तीनला उठणं तिच्या चवीतून वेगळं काढता येत नाही, हेही आता मला खाताना माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी रानातून परतताना मी मामांना अमेरिकेतल्या रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. 1989 मध्ये त्यानं एक पुस्तक लिहिलं. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि माणसाला तिसरी एक जागा लागते, जिथं कुणी यजमान नसतो आणि कुणी पाहुणा नसतो. कॉफीची दुकानं, सलून, गप्पांचे अड्डे.

मामा: हे आमाला पुस्तकाबिगर ठाऊक हाय.

मी: तुम्हाला आहे. मामी, तुमची तिसरी जागा कोणती?

मामी: गिरणी. कांडप. बचत गटाची बैठक, तिथं मात्र हप्त्याचंच बोलणं जास्त. आन् पाण्याची रांग. 2016 ला तर रांगेतच जन्म गेला.

मामा: त्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जलदूत. 12 एप्रिलला पहिली गाडी, दहा वॅगन, पाच लाख लिटर. पेपरात आलं तवा हॉटेलात दिवसभर तीच चर्चा.

मामी: तुमची चर्चा हॉटेलात, आमची टँकरपाशी. तिथंबी लई बोलणं व्हायचं. सुखदुःखाचं, सुनांचं, सगळं. पर हातात घागर असायची आन् ध्यान पुढच्या नंबरावर. किल्ल्याकडं आम्ही चौघी-पाच जणी सकाळी चालायला जातो. येताना हॉटेलावरून येतो. आलं घातलेल्या चहाचा वास येतो. कुणी म्हणत नाही, बसू या म्हणून. सरळ घरी.

मी: ‘हौस नाही’ म्हणाला होतात काल.

मामी: हौस नाहीच. वास येतो, एवढं म्हणाले.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला शहरात कामाचं कारण दाखवूनच बाहेर राहता येतं. हातात पिशवी हवी, मूल हवं, फाईल हवी. विनाकारण उभं राहण्याचा हक्क तिला नाही आणि तो मागितला पाहिजे. त्यांनी मुंबईबद्दल लिहिलं. मामींची घागर तेच सांगते.

आता मामांचा एक मुद्दा, ज्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

मामा: तुझ्या कॉफीच्या दुकानाला पडदा नाही म्हणतीस. बरोबर. पर दर हाय की. दोनशे रुपये. आमच्या गल्लीत जी बाई दिवसभर सोयाबीन काढायला जाते, ती तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहील का? तिला कुणी ‘पार्सल का’ म्हणणार नाही. पर तीच आत येणार नाही. मंग ते दुकान तरी कुणाचं झालं?

मी: माझ्यासारखीचं.

मामा: मंग औशात ते कशाला पाहिजे?

मी: नकोच मामा. औशात दोनशे रुपयांची कॉफी नको. दहा रुपयांचा चहाच हवा. तोच, त्याच हॉटेलात. फक्त पुढच्या बाकड्यावर.

मामी: कॉफी इथंबी मिळते. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत पिली होती मी, पोरं लहान असताना. मोठं चकाकतं मशीन, वाफेचा असा आवाज की पोरं दचकायची. वर फेस आन् त्यावर चॉकलेटची पूड भुरभुरलेली. काचेच्या ग्लासात. आम्ही सगळ्या जणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पिलो. यात्रेत चालतंय.

मामा: यात्रेत चालतंय, रानात चालतंय, भूकंपात चालतंय.

हे मामा स्वतःशीच बोलले. मी त्यावर काही जोडलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच एस.टी.चा विषय काढला.

मामा: 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं. माझ्यासोबतचे जे अजून नोकरीत हायत ते सांगतात, गाडीत निम्म्याहून जास्त बायाच. पूर्वी वर्षातून दोनदा माहेरी जाणारी बाई आता बाजारला येते, दवाखान्यात येते, लातूरला लेकराला डबा घेऊन जाते. चांगली गोष्ट झाली.

मी: खूपच चांगली. आणि गाडी चुकली तर? पुढची तासाभरानं. ती तासभर कुठं बसते?

मामा: फलाटावर. पिशवीवर.

मी: चहा?

मामा: नाही पीत. एक सांगू का? माझी एवढी नोकरी झाली. मी रोज बघायचो, उन्हाळ्यात बाया प्रवासात पाणी पीत नव्हत्या. लेकरांना पाजायच्या, स्वतः नाही. मला वाटायचं, सवय असंल. नंतर एकदा एका म्हातारीनं सांगितलं, बाबा, पाणी प्यावं तर जावं कुठं? त्याच्यानंतर मी जिथं गाडी जास्त वेळ थांबायची तिथं आधी सांगायचो, मावशी, इथं सोय हाय, जाऊन या, गाडी थांबवतो.

मामांनी हॉटेलाच्या बाजूनं इतकं बोलून शेवटी सांगितली ती ही गोष्ट. त्यांचं हॉटेलावरचं प्रेम खरं आहे, मी ते कमी करू पाहत नाही. सकाळी पेपरचं सुटं पान हातात घेऊन चहा पिणारा निवृत्त माणूस सुखी असतो आणि त्यानं तसंच असावं. माझी मागणी त्या सुखात वाटेकरी होण्याची आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मामा चप्पल घालत होते.

मामा: हॉटेलवाल्याला बोलून बघतो आज. म्हणतो, बायांसाठी पुढं एक बाकडं ठेव.

मामी: ‘बायांसाठी’ असली पाटी लावू नका म्हणावं. पुन्हा तेच होईल. तुमच्याच बाकड्यावर सरकून बसा म्हणावं.

मामा: तू येतीस का मंग?

मामी: आज नाही, आज हिला डबा द्यायचाय. उद्या चालायला जाऊ तवा बघू. चौघी असल्या तर येऊ.

मामा: आन् त्यानं पार्सल का म्हणून विचारलं तर?

मामी: तर तुमी बोलायचं नाही. मी सांगीन, बसून प्यायचाय.

औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कुठल्याही तालुक्याच्या गावात हॉटेल चालवणाऱ्या मालकांना माझी विनंती आहे. बाई एकटी आली, तर पार्सल विचारू नका. पुरुषाला विचारता तेच विचारा, साखर कमी का जास्त. फॅमिली रूम असू द्या, ज्यांना आडोसा हवा त्या जातील. पण तिथं बसा असं आपणहून सांगू नका. आणि सकाळी सातला ज्या बाकड्यावर तुम्ही चौघे बसता, तिथं एखादी बाई चहा मागायला उभी राहिली, तर उठून जाऊ नका, टक लावून बघू नका. थोडं सरका, आणि पेपरचं एक पान तिच्याकडंही द्या.